तारखेची स्ट्रिंग थेट न्यू डेटला देणं बंद करा

लातूरकर:
आडतीच्या हिशोबाचं वेब ॲप बनवायलो. मोंढ्यात पट्टीवर ०५/१०/२०२५ म्हणजे ५ ऑक्टोबर, लेकरालाबी कळतं. तीच स्ट्रिंग, म्हणजे लिहिलेला मजकूर, जावास्क्रिप्टच्या तारीख बनवणाऱ्या न्यू डेटला दिली की क्रोम १० मे धरतो, एरर नाही काही नाही, १३ तारीख आली की मग इनव्हॅलिड डेट, म्हणजे पहिले १२ दिवस चुकीचा डेटा साठत राहतो अन् कुणाला पत्ता नाही. स्ट्रिंग स्वतः तोडा, तीन आकडे काढा. लायब्ररी-बिब्ररी, म्हणजे दुसऱ्याचा तयार कोड, लागत नाही.

परभणीचा_पोरगा:
नाही पटलं भाऊ. तोडणं सोपंय, तपासणं अवघड. २०२५ ची ३१ फेब्रुवारी आकड्यांत दिली तरी न्यू डेट मुकाट्यानं ३ मार्च करतं, वर महिना शून्यापासून मोजायचा. लक्सन नाहीतर डेट-एफएनएस ह्या लायब्ररीला फॉरमॅट सांगून द्या, ते असली तारीख नाकारतात. मोमेंट ही जुनी लायब्ररी नव्या कामात नको, २०२० पासून नुसतं मेंटेनन्सवर आहे.

लातूरकर:
बनलेल्या डेटमधून दिवस-महिना परत काढा अन् टाइप केलेल्याशी जुळवा, एका ओळीचं काम. अन् मोबाईलवर मराठी अंकांत टाइप केलं तर? नंबर फंक्शन त्याला एनएएन, म्हणजे 'हा आकडाच नाही', म्हणतं, अंक आधी बदलायचा कोड तुम्हालाच लिहायचाय.

नांदेडहून:
तुम्ही दोघं वाचण्यावर भांडायलात, खरा घोळ पाठवताना होतो. १७ सप्टेंबर १९४८, आपला मुक्तिसंग्राम दिन, आपल्या वेळेची मध्यरात्र धरून डेट बनवा अन् टूआयएसओस्ट्रिंग करा, म्हणजे यूटीसी ह्या जागतिक वेळेत लिहून घ्या, १६ सप्टेंबर, १८:३० येतं. साडेपाच तास मागं, दिवसच बदलला! उलट २०२५-०९-१७ नुसतं दिलं तर यूटीसी धरतं, पुढं वेळ जोडली की लोकल. जन्मतारीख, पट्टीची तारीख ही वेळ नसतेच, डेटमधी कोंबूच नका. इनपुट टाइप डेट वर्ष-महिना-दिवस देतं, तीच स्ट्रिंग डेटाबेसच्या डेट कॉलममधी टाका.

परभणीचा_पोरगा:
मग उचलीवर व्याज लावताना दिवस कसे मोजणार, स्ट्रिंगमधून स्ट्रिंग वजा करून? जावास्क्रिप्टमधी नव्या टेम्पोरलचं प्लेनडेट ह्याच्यासाठीच आणलंय, नुसती तारीख, टाइमझोन नाही. फायरफॉक्समधी आवृत्ती १३९ पासून आहे, जुन्या मोबाईलला पॉलिफिल, म्हणजे ब्राउझरात नसलेली सोय भरून काढणारा कोड, लावा.

लातूरकर:
पॉलिफिल म्हणजे परत लायब्ररीच की हो. नांदेडवाल्यांचं साठवायचं मात्र एकदम पटलं, तसंच करतो. व्याजापुरत्या दोन्ही तारखा डेट.यूटीसीनं बनवायच्या, वजाबाकी ८,६४,००,००० नं, म्हणजे एका दिवसाच्या मिलिसेकंदांनी, भागायची, पूर्ण दिवस मिळतात.