शिळोप्याच्या गप्पा सकाळी साडेसातला चालतील का?

प्रश्न

आमच्या कॉलेजच्या कम्युनिटी रेडिओवर सकाळी साडेसात ते आठ असा नवा कार्यक्रम सुरू होतोय. दोन निवेदक आणि विषय अगदी घरातले: दूध उतू गेलं, छत्री बसमध्ये राहिली, डब्यात पुन्हा भेंडी. त्याची ओळख लिहिताना मी 'शिळोप्याच्या गप्पा' असं लिहिलं. आईनं वाचून विचारलं, "सकाळी साडेसातला कुणाला गं शिळोपा?" मला तर वाटत होतं, शिळोप्याच्या म्हणजे शिळ्या, त्याच त्या, पुन्हा पुन्हा सांगितलेल्या. जाणकारांनी कृपया सांगावं.

उत्तर

ताई, आईचं बरोबर आहे. शिळोपा म्हणजे फुरसत, रिकामा वेळ. 'शिळा' शब्दाशी उच्चार जुळतो म्हणून पुष्कळांची तुमच्यासारखीच समजूत होते. पण शिळोप्याच्या गप्पा अगदी ताज्या असू शकतात. अट एकच, मारणाऱ्याला कुठं जायची घाई नसावी. जेवणं झाली आहेत, पानदान पुढ्यात आहे, पाऊस लागून राहिलाय, असा वेळ म्हणजे शिळोपा.

तुमच्या कार्यक्रमाची अडचण इथेच आहे. निवेदकांना अर्धा तास मोकळा असेल, पण ऐकणारी बाई एका हातानं पोळी उलटत असते आणि दुसऱ्या हातानं मुलाची वेणी घालत असते. सकाळचा रेडिओ कधीच कुणी बसून ऐकला नाही. आमच्या घरी तर तो घड्याळासारखा चालायचा. सहा पंचावन्नला संस्कृत बातम्या लागल्या की अंघोळीला पळायचं आणि सात पाचला पुण्याहून प्रादेशिक बातम्या सुरू झाल्या की दप्तर पाठीवर हवंच. बातमी काय होती ते कुणालाच आठवायचं नाही, पण वाजले किती ते सगळ्यांना कळायचं.

म्हणून मी 'उभ्याउभ्या' हा शब्द सुचवेन. "बसा तरी!" "नको, उभ्याउभ्याच आले होते." उंबऱ्यात टेकून, पिशवी हातात तशीच धरून जे बोलणं होतं ते हेच. विषय क्षुल्लक असतो, बोलणं मनापासूनचं असतं आणि कुकरची शिट्टी झाली की ते संपतं.

गप्पांबद्दलही एक सांगतो. मूळचा 'गप' फारसीतून आला. मराठीत आपण तो बहुधा अनेकवचनातच वापरतो. गप्पा मारतात, हाणतात, छाटतात, झोडतात, ठोकतात. इतकी मारहाण करूनही त्या रंगतातच! त्याच्या अगदी उलट अर्थाचं 'गप्प' शेजारीच उभं आहे. एका कान्यानं बोलका माणूस मुका होतो. गप्पा एकट्यानं मारता येत नाहीत, म्हणून दोन निवेदक ठेवलेत हे फार चांगलं केलंत. एकटा बोलला की त्याचं निवेदन होतं किंवा भाषण.

आणखी एक उत्तर

माझं वय सत्तरीच्या पुढं आहे, म्हणून हा शब्द सुचला: प्रपंच. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर 'पुन्हा प्रपंच' लागायचं. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांचे आवाज आमच्या चाळीत प्रत्येक दारातून एकाच वेळी यायचे. मीनावहिनी, पंत आणि टेकाडे भावजी आम्हाला शेजारी राहत असल्यासारखे वाटत. घरातल्याच चार गोष्टी, थोडी थट्टा, आणि त्यातूनच एखादी कामाची गोष्ट कानावर पडायची.

नाव किती नेमकं होतं बघा. संस्कृतात प्रपंच म्हणजे विस्तार, पसारा. तिथून तो जगाचा पसारा झाला आणि मराठी माणसानं तो स्वतःच्या दोन खोल्यांत आणला. पण शब्दांच्या पसाऱ्यालाही आपण प्रपंचच म्हणतो. 'म्हणून हा पत्रप्रपंच' हे वाक्य माझ्या वडिलांच्या प्रत्येक लांब पत्राच्या शेवटी असे. घर आणि बोलणं, दोन्ही एका शब्दात!

छोटी भर

आमच्या मालवणात याला गजाली म्हणतात. 'गजाली मारूक' बसलेला माणूस मात्र लवकर उठत नाही, त्यामुळं सकाळच्या वेळेला तोही अडचणीचाच. नागपूरकडे 'गोष्टी करणे' म्हणतात. तिथली गोष्ट म्हणजे कहाणी नव्हे, साधं बोलणं.

पुन्हा प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. 'उभ्याउभ्या' फार आवडला. आता विशेषणाचं सांगा. मी 'हलक्या, कुरकुरीत गप्पा' लिहिलं होतं.

उत्तर

ताई, दोन्ही बदला. मराठीत नुसतं 'हलकं' जपून वापरावं लागतं. हलक्या कानाचा, हलक्या दर्जाचं, कुणाला हलकं लेखणं, सगळीकडे कमीपणाच. शेजारी 'फुलकं' आलं की तोच शब्द तव्यावरून उतरलेल्या फुलक्यासारखा टम्म फुगतो आणि कमीपणा जातो. म्हणून 'हलक्याफुलक्या' हा जोड तोडू नका.

कुरकुरीत चकली असते. बोलण्यात 'कुरकुर' आली की तक्रार आली, म्हणून कुरकुरीत गप्पा कुणी म्हणत नाही. बोलण्याला खुसखुशीत म्हणतात. मोहन नीट पडलेली शंकरपाळी तोंडात टाकताच विरघळते, फार चावावी लागत नाही. 'खमंग' चांगला होता, पण छापून येणाऱ्या 'खमंग चर्चे'त हल्ली कुणाची तरी बदनामी असते, मला तो तुमच्या कार्यक्रमाला नकोसा वाटतो. 'चुरचुरीत' हवा असेल तर एखादा निवेदक दुसऱ्याला चिमटा काढणारा हवा.

प्रश्नकर्ती

असं लिहिलंय: 'उभ्याउभ्या. रोज सकाळी साडेसातला, तुमचं काम न थांबवता, हलक्याफुलक्या गप्पा.' आईला दाखवलं. ती कणीक मळत होती, मान हलवली. फक्त 'उभ्या उभ्या' तोडून लिहू की जोडून?

उत्तर

जोडून. हळूहळू, मधूनमधून लिहितो तसंच.