खलाशी पोरांची विडी सुरू कुठे होते आणि सुटत का नाही?

बंदरवाडी:
1 ऑगस्टला मासेमारीचा हंगाम सुरू होण्याआधी नव्या खलाशांशी मंडळातर्फे बोलायचंय. पाकिटावरची चित्रं ते रोज बघतात, त्याने ढिम्म हलत नाहीत. 18-20 वर्षांची पोरं मुळात ओढायला लागतात कशी, ते नेमकं सांगा.

वाऱ्यावरचा:
पहिली विडी पोरगा विकत घेत नाही. ती कामातून येते. डेकवर वाऱ्यात काडी टिकत नाही, मग तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, म्हणतो, "जा रे, आतून पेटवून आण." ओढल्याशिवाय विडी पेटत नाही, झाला पहिला झुरका. तेंदूच्या पानाची विडी ओढत राहिलं नाही तर विझते, म्हणजे आणून देईपर्यंत आणखी दोन.

दुसरं कारण विसाव्याचं. मासळी निवडताना मध्येच विडी पेटवून बसलेल्याला कोणी उठवत नाही, नुसता बसला की "बसलास काय?" म्हणून हाक येते. विडी म्हणजे पाच मिनिटांची रजाचिठ्ठी. म्हणून पोरांच्या आधी तांडेलांना गाठा. न ओढणाऱ्यालाही तेवढंच बसू द्या आणि आपली विडी आपण पेटवा, एवढंच मागा.

नाक्यावरची_कटिंग:
किनाऱ्यावर खेळ उसनवारीचा. आज त्याने पाजली, उद्या आपली पाळी. चहाचे पैसे कोणी विसरेल, सिगारेटचे नाही. गणपतीला चाकरमानी पाकीट घेऊन येतात, शिमग्यात पालखीबरोबर रात्रभर बाहेर, तिथे नाही म्हणणारा वेगळा पडतो. राज्यात 2020 पासून सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीला बंदी आहे, टपरीवर मात्र जाऊन बघा. सुटी मिळते म्हणूनच "मी पाकीट ठेवत नाय, मला कसली सवय" हा भ्रम टिकतो.

पोरांकडून बोलण्याचा सराव करून घ्या. "नको" म्हटलं की आग्रह होतो, "सोडलीय" म्हटलं की पैज लागते. "मी ओढत नाय" म्हणायचं, पुढे कारण द्यायचं नाही. हातात चहाचा ग्लास असू द्या, रिकाम्या हातात सिगारेट पटकन येते.

औषधवाली_ताई:
संगतीची सवय निकोटीनची कधी झाली, हे एका प्रश्नात कळतं: उठल्यावर पहिली किती वेळात? अर्ध्या तासाच्या आत असेल तर नुसती संगत बदलून भागत नाही. सोडल्यावर दुसरा-तिसरा दिवस सर्वांत वाईट, चिडचिड दोन ते चार आठवडे. तारीख समुद्रावर जायच्या आदल्या दिवशी नको, जून-जुलैच्या मासेमारी बंदीतली ठरवा.

निकोटीन गम, म्हणजे सोडताना तलफ आवरायला थोडं निकोटीन देणारा च्युइंगगम, 2 आणि 4 मिलिग्रॅममध्ये येतो. कोणता, ते डॉक्टरांना विचारा. साध्या च्युइंगगमसारखा चघळला तर मळमळ आणि उचकी. चार-पाचदा चावायचा, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीत दाबून ठेवायचा, त्या गेल्या की परत, असा अर्धा तास. आधी 15 मिनिटं आणि तोंडात असताना चहा नको, निकोटीन नीट शोषलं जात नाही. टपरीवर गम फुकट जातो तो यामुळेच.

बंदरवाडी:
वरच्या ग्लासाचं मग काय करायचं, ताई? आणि विडीऐवजी मशेरी-तंबाखू लावतात, ते?

औषधवाली_ताई:
गमवाल्याच्या ग्लासात साधं पाणी. मशेरीतही तेच निकोटीन, वर तोंडाच्या कर्करोगाचा धोका. तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत सरकारी नंबर 1800-11-2356, जेटीवर मोठ्या अक्षरात लावा.