मदत हवी आहे: कुंझुम ला, फोर बाय फोर नसलेली बोलेरो

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापूरहून गाडीने स्पीतीला निघतोय. जाताना सिमला-किन्नौरमार्गे काझा, म्हणजे उंची हळूहळू अंगवळणी पडेल. परतताना कुंझुम ला ही खिंड (सुमारे 4,550 मीटर) ओलांडून बातल, छत्रू, ग्राम्फू, मनाली. काझापर्यंतची काळजी नाही, अडलंय ते पुढच्या टप्प्यावर.

गाडी डिझेल बोलेरो, मागच्या चाकांना ओढ असलेली. तिघं जण, सामान बेताचं. टायर हायवेचेच, निम्मे झिजलेले. क्लच नवा टाकलाय. दोन स्टेपन्या, हवेचा पंप आणि टोचनाचा पट्टा सोबत आहे. त्या वाटेवर मनालीपर्यंत पंप नाही, म्हणून टाकी काझालाच फुल करणार. ऊन चढलं की बर्फ वितळून रस्त्यात आडव्या येणाऱ्या नाल्यांना पाणी वाढतं, त्यामुळे खिंडीच्या अलीकडच्या लोसर गावाहून पहाटेच निघू.

व्हिडिओ ढीगभर पाहिले, पण सगळे फोर बाय फोरवाले, आणि पाणी उडवण्यापलीकडे काही दाखवत नाहीत. आमचा मेकॅनिक म्हणतो, "काळ्या रानात चालते, तिथं काय होतंय!" अहो, चिखलात चाक फिरत राहणं वेगळं आणि नाल्यातल्या गोल धोंड्यांवरून घसरणं वेगळं.

'आलात तसे किन्नौरमार्गे परत जा' हा पर्याय माहीत आहे, तो शेवटचा.

टू-व्हील ड्राइव्हने बातल-छत्रू केलेल्यांनी सांगा: ऑल-टेरेन टायर घालावेच लागतील, की आहेत त्यांचीच हवा कमी करून निभेल? आणि कमी करायची तर भरल्या गाडीला किती पीएसआयपर्यंत?