प्लाझ्माचं निदान? झालंय काय त्याला?

शाहूपुरीकर: विज्ञान दिनाच्या प्रदर्शनासाठी एक फलक मराठीत करतोय. विषय: लेसर वापरून प्रयोगशाळेतल्या प्लाझ्मात, म्हणजे विद्युतभारित वायूत, आयन (विद्युतभारित अणू) कसे वागतात, ते तपासणं. 'डायग्नोस्टिक्स'ला मी 'निदान' लिहिलं. 'प्लाझ्माचं लेसर-निदान' वाचून सासूबाई म्हणाल्या, "डेंगी कुणाला झालाय?" दुसरा शब्द आहे का?

खासबाग: निदानच बरोबर. लोकांना कळत नाही म्हणून शब्द बदलायचा नसतो.

उचगावचा: मी 'निदान लेसर तरी' असं वाचलं राव.

प्रयोगवही: घोळ प्लाझ्मा या शब्दाचा आहे. रक्तातला आधीचा, शास्त्रज्ञ लँगम्यूरनं १९२८ मध्ये तेच नाव आयनांच्या वायूला दिलं. बाकी निदान चपखल बसतं. आत प्रोब, म्हणजे मोजायची सळई, घातला की प्लाझ्माच बिघडतो, म्हणून बाहेरून प्रकाश टाकायचा. आरगॉनच्या आयनांवर ६६८ नॅनोमीटरच्या आसपासचा तांबडा लेसर सोडला, की ठरावीक अवस्थेतले आयन तो शोषतात आणि ४४२ च्या आसपास निळा-जांभळा उजेड देतात. लेसरची तरंगलांबी हळूहळू सरकवत न्यायची. समोरून येणारा आयन एका लांबीला दाद देतो, पाठमोरा पळणारा दुसऱ्या, डॉपलरची कृपा: हलणाऱ्याला प्रकाशाची लांबी बदललेली भासते. कुठल्या लांबीला किती उजेड आला याचा आलेख जितका रुंद तितकं आयनांचं तापमान जास्त, आणि शिखर किती सरकलं त्यावरून प्रवाहाचा वेग. लक्षणांवरून आतलं ओळखायचं, अजून निदान म्हणजे काय?

शाहूपुरीकर: ते मापन झालं की. डॉक्टर थर्मामीटर लावतो तेवढ्यानं निदान होत नाही.

निवृत्त मास्तर: निदान म्हणजे मुळात दावं, बांधायची दोरी. ऋग्वेदात तोच अर्थ. त्यावरून मूळ कारण, मग रोगाचं कारण. रोग फार उशिरा आला. आणि 'आयन' तर आपलाच, अयन म्हणजे जाणं. उत्तरायण आठवा.

प्रयोगवही: मास्तर, तो फॅरेडेनं १८३४ मध्ये ग्रीकवरून घेतला. ह्यूएलनं सुचवलेला.

निवृत्त मास्तर: ग्रीकमध्येही अर्थ 'जाणारा'च ना? तो धातू आणि संस्कृतातला 'इ' एकाच मुळाचे. उसनवारी नाही, भाऊबंदकी आहे.

उचगावचा: मग वाटणी करून घ्या. आयन त्यांचा, अयन आपलं.

खासबाग: थट्टा पुरे. आपल्याच कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात कवी माधव जूलियन होते. फारसीचे पंडित, तरी भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते. लेसरलाही मराठी शब्द हवा.

उचगावचा: कट्टर, आणि नावात जूलियन!

खासबाग: टोपणनाव होतं ते.

शाहूपुरीकर: मंडळी, फलक उद्या छपाईला जातोय. 'तपासणी' चालेल का?

खासबाग: तपासणी नाक्यावर होते.

निवृत्त मास्तर: 'परीक्षण' घ्या. पण आधी सांगा, तुम्ही 'तो प्लाझ्मा' लिहिलंय की 'ते'?

प्रयोगवही: तो.

निवृत्त मास्तर: ग्रीकमध्ये नपुंसकलिंगी आहे.