कोलोरॅडोतील तेल-वायू विहिरींचे बदलते नियम : विहिरीशेजारी घर घेताना काय पाहावे?

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक)

सर्वांना नमस्कार. माझी कन्या आणि जावई अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातील वेल्ड काउंटीत राहतात आणि तेथेच घर घेण्याच्या विचारात आहेत. राज्याचे बहुतांश खनिज तेल या एकाच काउंटीतून निघत असल्यामुळे त्यांनी पाहिलेल्या जवळपास प्रत्येक वसाहतीच्या आसपास एखादी चालू किंवा बंद विहीर आहेच. २०१९ च्या कायद्यानंतर तेथील विहिरींचे नियम २०२०, २०२२ आणि पुन्हा २०२४ मध्ये बदलले, आणि आणखी बदल सुचवले जातच असतात. घर दाखवणारा दलाल मात्र म्हणतो, "आता दोन हजार फुटांचा नियम आहे, निश्चिंत राहा." या नियमावर घर घेणाऱ्याने कितपत विसंबावे, आणि उद्या नव्या बदलांचा मसुदा निघाला तर त्यात आधी काय वाचावे? मी निवृत्त स्थापत्य अभियंता आहे. तांत्रिक मजकूर समजतो, परंतु या क्षेत्राशी कधी संबंध आलेला नाही.

उत्तर १ (कॉलेज रोड, गुजरातेतील तेलक्षेत्रात नोकरी केलेले)

दलालाने सांगितलेला आकडा खरा आहे, पण तो तुमच्या प्रश्नाचे उत्तर नाही. पूर्वी घरापासून ५०० फूट, म्हणजे साधारण १५० मीटर, एवढेच अंतर पुरत असे. २०२० साली मंजूर होऊन जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनी ते दोन हजार फूट, म्हणजे सुमारे ६१० मीटर केले. मात्र ही मर्यादा नव्याने खोदायच्या विहिरींसाठी आहे. आधीपासून उभ्या असलेल्या विहिरीशेजारी नवे घर बांधायचे झाल्यास किती अंतर सोडायचे, हे राज्याचे तेल-वायू आयोग ठरवत नाही, ते स्थानिक नगरपालिका किंवा काउंटी ठरवते, आणि तेथे अंतर पुष्कळ कमी असू शकते. तुमच्या जावयांना भीती आहे ती जुन्या विहिरीची. तिच्यासाठी दोन हजार फूट हा आकडा निरुपयोगी आहे.

दुसरे म्हणजे, नव्या विहिरींनाही या नियमातून वाटा आहेत. त्या अंतरात राहणारे सर्व घरमालक आणि भाडेकरू यांनी माहिती घेऊन संमती दिली, किंवा प्रत्यक्ष अंतर कमी असले तरी संरक्षण तितकेच मिळते असे सुनावणीत आयोगाला पटले, तर परवानगी मिळू शकते. म्हणून मसुदा हाती आला की मी प्रथम अपवादांचे कलम काढतो आणि मुख्य कलम नंतर वाचतो. अंतर वाढवून अपवाद सैल केले, तर बातमी कडक नियमाची येते आणि जमिनीवर फरक पडत नाही.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा, आणि सर्वांत कमी वाचला जाणारा भाग आर्थिक हमीचा. विहीर आटल्यावर ती सिमेंटचे थर भरून कायमची बंद करावी लागते, आणि कंपनी बुडाली तर हा खर्च राज्याच्या, म्हणजे करदात्याच्या, माथी येतो. कोलोरॅडोत २०२२ पूर्वी शंभराहून अधिक विहिरी असलेल्या कंपनीला सर्व विहिरी मिळून एक लाख डॉलरची हमी दिली तरी चालत असे. पाचशे विहिरी असतील, तर विहिरीमागे दोनशे डॉलर झाले. तेवढ्यात सिमेंटची गाडीसुद्धा जागेवर येणार नाही. २०२२ च्या बदलाने कंपनीची ऐपत आणि विहिरींचे उत्पादन पाहून हमी ठरवण्याची पद्धत आली, ती योग्यच आहे. बेवारस विहिरी बंद करण्यासाठी २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात अमेरिकेच्या केंद्र सरकारला ४.७ अब्ज डॉलरची तरतूद करावी लागली, यावरून मागील पिढीच्या हमी किती अपुऱ्या होत्या ते कळते. घराजवळच्या विहिरीची मालकी मोठ्या कंपनीकडून एखाद्या छोट्या कंपनीकडे गेली आहे का, हे जावयांनी आवर्जून पाहावे. थोडे तेल देणाऱ्या म्हाताऱ्या विहिरी अशाच हस्तांतरित होत होत शेवटी बेवारस होतात.

उत्तर २ (वकील, शरणपूर रोड)

काकांच्या उत्तरात एक कायदेशीर मुद्दा जोडतो, कारण आपल्याकडच्या सवयीने वाचल्यास येथे घोटाळा होतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार खनिजांवरील हक्क साधारणतः शासनाकडे असतो, त्यामुळे सातबारा पाहताना खाली काय आहे याचा विचार आपण करत नाही. कोलोरॅडोत जमिनीखालचे खनिज खासगी मालकीचे असू शकते आणि ते पृष्ठभागापासून वेगळे विकलेलेही असते; अनेक वसाहतींत घरमालकाकडे फक्त वरची जमीन असते. खरेदीखतात खनिजहक्क राखून ठेवल्याचे वाक्य आहे का, हे प्रथम पाहावे. हक्क मिळत असतील तर आणखी एक गोष्ट येते: आसपासच्या मालकांचे हिस्से सक्तीने एकत्र करून विहीर खोदता येते. २०१९ च्या कायद्यापूर्वी अशा अर्जासाठी एक मालक पुरेसा होता, आता ४५ टक्क्यांहून अधिक खनिज हिश्श्याची साथ लागते. त्याच कायद्याने विहिरीची जागा ठरवण्यात स्थानिक संस्थांनाही अधिकार दिले, म्हणून राज्याच्या मसुद्याबरोबर त्या गावाचे नियमही वाचणे आवश्यक आहे.

भारतात खनिज तेल आणि वायू हा विषय संघसूचीत, म्हणजे केंद्राच्या अधिकारात, आहे. जमिनीवरील पट्टा राज्य देत असले तरी नियम केंद्राचे असतात. त्यामुळे येथील अनुभवावरून तेथील राज्याच्या अधिकारांचा अंदाज बांधू नये.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. मुलीला पसंत पडलेल्या घरामागे, कुंपणापलीकडे, १९९० च्या दशकातील एक विहीर आहे. ती बंद असल्याचे विक्रेता सांगतो. बंद विहिरीचा धोका संपलेला असतो, असे समजावे का?

उत्तर १

नाही, आणि तुमच्या वर्णनावरून मला फायरस्टोन आठवले. याच वेल्ड काउंटीतील फायरस्टोन गावी एप्रिल २०१७ मध्ये एका घरात स्फोट होऊन दोघांचा मृत्यू झाला. विहीर १९९३ ची, घरापासून पावणेदोनशे फुटांच्या आसपास; घर तिच्या नंतर बांधलेले. विहिरीतून वायू नेणारी जेमतेम एक इंच व्यासाची जुनी नळी वापरातून काढली होती, पण तिचे तोंड बंद केलेले नव्हते आणि ती विहिरीला जोडलेलीच राहिली. घराच्या पायाजवळ ती कापली गेलेली होती. विहीर पुन्हा सुरू झाल्यावर वायू मातीतून तळघरात साचला. आपल्या सिलिंडरमध्ये गळती कळावी म्हणून मुद्दाम वास मिसळलेला असतो. विहिरीतून थेट आलेल्या या वायूला तो नव्हता, त्यामुळे घरातल्यांना काही कळण्याचा मार्गच नव्हता.

त्यानंतर या नळ्यांची नोंद आणि तपासणी याविषयीचे नियम कडक झाले. म्हणून विक्रेत्याला "बंद" म्हणजे नेमके काय, ते विचारा. उत्पादन तात्पुरते थांबवलेली विहीर आणि सिमेंट भरून, वरचा भाग कापून, कायमची बुजवलेली विहीर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आयोगाच्या नकाशावर प्रत्येक विहिरीची स्थिती आणि कागदपत्रे सर्वांना खुली असतात. तेथे विहीर बुजवल्याचा अहवाल, नळ्या काढल्याची किंवा रिकाम्या करून बंद केल्याची नोंद, आणि बाहेरील नळकांड्यांमधील पोकळीत दाब आढळला का याच्या चाचण्या शोधाव्यात. त्या पोकळीतला दाब म्हणजे आतील सिमेंटने कोठेतरी दगा दिल्याची खूण असू शकते.

उत्तर ३ (द्राक्ष बागायतदार, निफाड)

तेलाचे मला ज्ञान नाही, पण मसुद्यावर हरकती कशा वाया जातात ते पाहिले आहे. २०१८ मध्ये आपल्या राज्याच्या भूजल नियमांचा मसुदा निघाला, तेव्हा आमच्याकडे सगळी चर्चा ६० मीटर खोलीच्या मर्यादेवरच झाली. विहिरींची आणि बोअरच्या गाड्यांची नोंदणी हे रोजच्या व्यवहारावर परिणाम करणारे भाग कोणी उघडलेही नाहीत, आणि पुष्कळ जणांनी "आमचा विरोध आहे" एवढेच लिहून सह्या ठोकल्या. आपल्या मुलीने पुढेमागे तेथील मसुद्यावर लेखी म्हणणे दिलेच, तर कलमाचा क्रमांक, त्यातील कोणते शब्द बदलावेत आणि आपल्या घरापासून विहिरीचे मोजलेले अंतर, एवढे लिहावे.

उत्तर २

सहमत. तेथे लेखी म्हणणे कोणालाही देता येते, परंतु साक्षीपुरावे मांडून प्रक्रियेत पक्षकार व्हायचे असल्यास स्वतंत्र अर्ज आणि त्याची वेगळी मुदत असते. मसुद्याबरोबर निघणारे वेळापत्रक त्यासाठी पाहावे, आणि घराची विसार रक्कम देण्यापूर्वी विहिरीची कागदपत्रे हाती घ्यावीत.