लोकलमध्ये वापरायला जुना सरफेस (मायक्रोसॉफ्टचा टॅब-कम-लॅपटॉप) घ्यावा का?

डोंबिवली–सीएसएमटी रोजचं. प्रवासात मुलांचे पेपर पीडीएफवर पेनने तपासते. बजेट वीस हजार, फार ताणलं तर बावीस. लॅमिंग्टन रोडला दोन पाहिले: २०१७ चा सरफेस प्रो आणि प्रो ६. दोन्ही आय-फाइव्ह, ८ जीबी. पहिला चार हजारांनी स्वस्त. दुकानदार म्हणतो, "ताई, दोन्ही सेमच." खरंच?

उत्तर १: अजिबात नाही. २०१७ वाल्यात सातव्या पिढीचा प्रोसेसर, त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. आणि १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सहाच घ्या. रॅम बोर्डलाच चिकटवलेली असते, नंतर वाढवता येत नाही.

उत्तर २: डोळ्यांच्या रेषेत धरून कडेने बघा. माझ्या सेकंडहँड टॅबची बॅटरी फुगून काच कोपऱ्यात उचलली होती, नख आत जाईल एवढी. विकणारा म्हणे, "उन्हाने होतं तसं." बॅटरी किती झिजली ते दाखवणारा विंडोजचा बॅटरी रिपोर्ट समोर काढायला लावा.

उत्तर ३: किमतीत कीबोर्ड, पेन धरलंय का?

प्रश्नकर्ती: कीबोर्ड हो. पेनाचं विचारलंच नाही की! उद्या परत जाते, नख वाढवून.