तक्रारीत मोजता येईल ते लिहा

शेजारी तळघराचं खोदकाम चालू आहे, तुमच्या भिंतीला तडे गेलेत आणि महापालिकेकडे अर्ज देऊनही कोणी पाहायला आलं नाही, अशी वेळ आली तर आधी अर्ज कसा लिहिलाय ते पाहा. अर्जात ‘काम धोकादायक आहे’ एवढंच असेल तर तो फायलीत पडून राहतो. नेमकं तपासायचं काय, हे त्यातून कळत नाही. मोजता येईल ते लिहा: खड्डा अंदाजे किती खोल, तुमच्या भिंतीपासून किती अंतरावर, बाजूंना टेके आहेत का, उपसलेली माती कडेलाच रचली आहे का. दीड मीटरहून खोल उभ्या कडा आधाराविना सोडणं जीवघेणं, पावसानंतर तर फारच. फोटो गच्चीवरून काढा, कडेजवळ जाऊ नका.

तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा करा, पट्टी लावून तारखेसह फोटो घ्या; दर दोन दिवसांनी त्याच खुणा, तोच कोन. अंतर वाढलेलं दिसलं की ‘शेजाऱ्यांचं भांडण’ म्हणून टाळणं अवघड जातं.

अर्ज बांधकाम परवानगी विभागाकडेच द्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. स्थळपाहणी आणि आधार देईपर्यंत कामाला स्थगिती, अशी नेमकी मागणी करा. दारं अचानक अडकू लागली, म्हणजे घर हलत असल्याची शंका आली, तर मात्र अर्जाच्या उत्तरासाठी थांबू नका. आधी घराबाहेर पडा आणि अग्निशमन दलाला कळवा.